मधल्या सुट्टीत डबा वाटून खाते

प्रज्वल बोराटे चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला होता. गाड्यांच्या दारांच्या बिजागऱ्या बनवणारी कंपनी. महिन्यातून दोनदा तरी तिथं कुणी ना कुणी तपासायला यायचं. कधी बिजागऱ्या विकत घेणारे, कधी सर्टिफिकेट देणारे, कधी हेड ऑफिसचेच. चौदा वर्षं प्रज्वलने एकच काम केलं होतं. ऑडिटर यायच्या आधी तयारी करायची, आला की त्याच्याबरोबर हिंडायचं आणि गेला की पुढच्याच्या तयारीला लागायचं. त्यामुळे जगात अशीही एखादी गोष्ट असू शकते जी तपासायला कोणीच येत नाही, ही कल्पना त्याला सहन व्हायची नाही.

आणि नेमकी तशी गोष्ट त्याच्या घरात होती. त्याची मुलगी, स्वरूपा.

स्वरूपा दहा वर्षांची. पहिलीनंतर तिला शाळेतून काढलं, त्याला तीन वर्षं होऊन गेली होती. निर्णय तिच्या आईचा, विजयश्रीचा. विजयश्री तेव्हा हिंजवडीला एका आयटी कंपनीत एचआरला होती. मोशी ते हिंजवडी आणि परत, रोज कंपनीच्या कॅबमध्ये तीन तास. त्या तीन तासांत कानात इअरफोन घालून तिने बालशिक्षणावरची जवळजवळ दोनशे भाषणं ऐकली. पुढे गाड्या जितक्या जास्त तुंबायच्या तितकी तिची शाळांबद्दलची मतं पक्की होत जायची. एका संध्याकाळी कॅब एकाच पुलावर पन्नास मिनिटं उभी राहिली. घरी आल्यावर चपला काढायच्या आधी तिने जाहीर केलं, की शाळा मुलांचं कुतूहल मारते आणि आपल्या मुलीच्या बाबतीत आपण ते होऊ देणार नाही. आठवड्याभरात तिने नोकरी सोडली. त्याच्या पुढच्या आठवड्यात स्वरूपाने शाळा सोडली.

प्रज्वलचे वडील, आबाजी, मोशीच्या गावठाणात जुन्या घरात एकटेच राहायचे. त्यांच्या शेतावर आता सात मजली इमारती उभ्या होत्या आणि त्यातल्याच एकीत पाचव्या मजल्यावर मुलगा-सून. आबाजींचा लिफ्टवर विश्वास नव्हता. ते जिन्याने यायचे, आणि वर पोचेपर्यंत काय बोलायचं ते पक्कं झालेलं असायचं.

"पिंकी शाळंत जात न्हाई, मंग दिवसभर करती काय?" स्वरूपाला ते पिंकी म्हणायचे. विजयश्रीला ते आवडायचं नाही.

"ती शिकते, आबा. सतत शिकत असते. पोळी लाटतानासुद्धा."

"पोळी लाटताना पोळीच शिकती न्हवं?"

"भूमिती शिकते."

आबाजी थोडा वेळ विचार करायचे. "व्हय का? मंग आमच्या घरातल्या बाया लई शिकल्याल्या म्हनायच्या."

प्रज्वलला वडिलांची धास्ती नव्हती. त्याला धास्ती होती ती शांततेची. मुलीला शाळेतून काढल्यावर कोणीतरी येईल, कागद मागेल, सही करा म्हणेल, अशी त्याची खात्री होती. पहिलं वर्षभर त्याने वाट पाहिली. दारावरची बेल वाजली की तो आधी शर्ट नीट करायचा. कोणी आलं नाही. दुसऱ्या वर्षी त्याला झोप लागेना. शेवटी तिसऱ्या वर्षी त्याने स्वतःच फाईल सुरू केली. तिच्यावर छापील अक्षरात लिहिलं, 'वार्षिक प्रगती मूल्यमापन: कु. स्वरूपा'.

फाईलीत चौसष्ट मुद्दे होते. प्रत्येक मुद्द्यापुढे एक चौकोन. काम झालं की हिरवा, चालू असलं की पिवळा, राहिलं की लाल. शेजारी पुरावा म्हणून फोटो, आणि त्याच्या शेजारी 'नोंद' असा एक रकाना. सगळं विजयश्रीच्या टॅबवर टाइप करून छापलेलं. पुराव्याशिवाय काही झालं असं मानायचं नाही, हा कंपनीतला नियम त्याने घरी आणला. विजयश्रीलाही तो पटला, कारण फोटो ती छान काढायची. त्या वर्षी स्वरूपा भाजी आणायला गेली की पिशवीसकट फोटो निघायचा. गणित आणि व्यवहारज्ञान. इंद्रायणीच्या पुलावर उभी राहिली की पर्यावरण. एकदा तिला ताप आला तेव्हा तोंडात थर्मामीटर असतानाचा फोटो निघाला, विज्ञान, मोजमाप. गॅलरीतल्या कुंडीत तिने मेथी पेरली, त्याचेही चार फोटो झाले. मेथी उगवली का, हे दोघांपैकी कोणी पाहिलं नाही. चौकोन हिरवा झाला होता.

मार्च संपत आला तेव्हा फाईल साडेतीनशे पानांची झाली होती. आता ती बाहेरच्या माणसाकडून तपासून घ्यायची होती, कारण आपलं ऑडिट आपणच केलं तर त्याला अर्थ नसतो. मोशी-चऱ्होलीकडच्या आणखी काही घरांनी आपली मुलं अशीच घरी ठेवली होती आणि त्यांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप होता. ग्रुपवर एका सल्लागाराचं नाव आलं. तो मुलाला न भेटता, फक्त फोटो बघून दोन दिवसांत रंगीत अहवाल द्यायचा. विजयश्रीला हे चाललं असतं. प्रज्वलला मात्र कडक ऑडिटर हवा होता. सौम्य ऑडिटरच्या सर्टिफिकेटला चाकणमध्ये कोणी विचारत नाही.

त्याच्या विभागातला प्रितम साळवे म्हणाला, "आमची आई आहे. महापालिकेच्या शाळेत एकतीस वर्षं होती, मुख्याध्यापिका म्हणून रिटायर झाली. पण आधीच सांगतो राव, ती मॅनेज होत नाही."

"तशीच पाहिजे," प्रज्वल म्हणाला. त्याला मनापासून आनंद झाला.

एप्रिलमधल्या एका रविवारी सकाळी दहाला नीला साळवे बसने मोशीला उतरल्या. सुती साडी, खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत एक वही आणि दोन पेनं. एक बंद पडलं तर असावं म्हणून दुसरं. प्रज्वल खाली गेटपाशी उभाच होता. वर आल्यावर त्याने त्यांना सोफ्यावर बसवलं आणि टीव्ही लावला. पडद्यावर फुलांच्या चित्रात अक्षरं आली: 'मूल्यमापन समितीचे हार्दिक स्वागत'.

"समितीतले बाकीचे कुठायत?" साळवे बाईंनी विचारलं.

"तुम्हीच, बाई."

समोर काजू, बिस्किटं, पोहे, दोन प्रकारची सरबतं आली. ऑडिटरला आधी खाऊ घालायचं, हाही कंपनीतलाच नियम होता. बाईंनी पोहे खाल्ले, पाणी प्यायल्या आणि स्वरूपाकडे वळल्या. ती समोरच्या खुर्चीत बसली होती. वेण्या घट्ट, हात मांडीवर, नजर सरळ. कुठल्या क्षणी फोटो निघेल हे माहीत असलेलं मूल जसं बसतं तशी.

"काय गं, सव्वीस आंबे चार जणांत वाटले तर प्रत्येकाला किती?"

स्वरूपाने तोंड उघडलं. तेवढ्यात विजयश्री म्हणाली, "बाई, ती आंब्यांकडे आकडा म्हणून बघत नाही. रंग, वास, झाड असं समग्र बघते."

"बरं. वजाबाकी कितीपर्यंत येते?"

"ते पान एकशे बारावर आहे," प्रज्वल म्हणाला आणि त्याने फाईल उघडून दिली.

"मी हिला विचारतेय."

"हो हो, तिलाच विचारा. स्वरूपा, बाईंना पान एकशे बारा दाखव."

साळवे बाईंनी चष्मा लावला आणि फाईल मांडीवर घेतली. अर्धा तास त्या पानं उलटत होत्या. नवरा-बायको दोघं समोर बसून त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. आधी त्या फोटो बघत होत्या. मग फोटो सोडून नुसत्या नोंदी वाचू लागल्या, आणि वाचता वाचता त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू आलं. 'परिसर स्वच्छ ठेवते.' 'गटकार्यात सहकाऱ्यांना मदत करते.' 'वर्गातील चर्चेत उत्स्फूर्तपणे सहभागी होते.' ही वाक्यं त्यांना तोंडपाठ होती. शाळेत प्रत्येक मुलाची प्रगती शब्दांत लिहायची असते. त्याला वर्णनात्मक नोंदी म्हणतात. वर्गात साठ मुलं, प्रत्येकाचे आठ विषय, वर्षातून दोन वेळा. इतकी वाक्यं कुठल्या माणसाला सुचणार? म्हणून तयार वाक्यांच्या पुस्तिका मिळायच्या आणि सगळ्या शिक्षकांसारख्याच त्याही त्यातून उतरवून काढायच्या. एका वर्षी तर दिवाळीपासून बीडला गावी निघून गेलेल्या एका मुलाच्या नावापुढे त्यांनी 'नियमित उपस्थित राहतो' असं लिहिलं होतं. कोणाच्या लक्षात आलं नाही. त्यांच्या स्वतःच्या लक्षात आल्यावर मात्र त्यांना आठ दिवस जेवण गोड लागलं नव्हतं.

मार्चच्या पानावर त्या थांबल्या.

"मधल्या सुट्टीत मैत्रिणींबरोबर डबा वाटून खाते," त्यांनी मोठ्याने वाचलं. "तुमच्याकडे मधली सुट्टी कितीला होते?"

विजयश्रीने नवऱ्याकडे पाहिलं. "हे काय लिहिलंयस तू?"

"मी? नोंदी तू लिहितेस ना?"

"मी फोटो लावते. नोंदी तुझ्या."

"अगं, मी कधी लिहिल्या? मी तर तुझ्या म्हणून ऑफिसात वाचून दाखवल्या सगळ्यांना. आमचे प्लँट हेड म्हणाले, मिसेसची भाषा किती नेमकी आहे."

"मी पण ग्रुपवर टाकल्या," विजयश्री हळू आवाजात म्हणाली. "बाबा किती बारकाईने लक्ष देतात म्हणून."

खुर्चीवरून आवाज आला. "मी लिहिल्या."

तिघांनी तिकडे पाहिलं. स्वरूपाने हातातला काजू पुन्हा बशीत ठेवला.

साळवे बाईंनी फाईल मिटली. "तुम्ही दोघं जरा खाली जाऊन या. मला हिच्याशी एकटीशी बोलायचंय."

"बाई, तसं चालत नाही," प्रज्वल म्हणाला. "ज्याचं काम तपासायचं, तो जबाबदार माणूस समोर लागतो."

"घरात कांदे आहेत का?"

"आहेत."

"आणखी आणा."

दोघं खाली गेली. पार्किंगमध्ये उभी राहून ती बराच वेळ भांडत होती, हे गॅलरीतून दिसत होतं. हातवारे प्रज्वलचे जास्त होते.

"आता सांग," बाई म्हणाल्या.

स्वरूपाने सांगितलं. लपवण्यासारखं आपण काही केलं आहे असं तिला वाटतच नव्हतं. दर रविवारी बाबा फाईल बघायचे. रकाना रिकामा असला की चौकोन लाल करायचे आणि चौकोन लाल झाला की आई-बाबांचं वाजायचं. म्हणून तिने रकाने भरून टाकायला सुरुवात केली. आधी स्वतःच्या मनाने लिहायची. पण 'आज मी पाल बघितली' असं लिहिलं तर ते फाईलीत बरं दिसेना. मग आईच्या टॅबवर शोधताना तिला शिक्षकांसाठीच्या तयार नोंदी सापडल्या.

"त्यात सगळं असतं," ती म्हणाली. "आपण फक्त निवडायचं."

"ठाऊक आहे मला," बाई म्हणाल्या. "आणि ते डब्याचं?"

"ते मला आवडलं म्हणून घेतलं." तिने बशीतला काजू पुन्हा उचलला. "पहिलीत होती मधली सुट्टी. थोडी थोडी आठवते."

बाईंनी चष्मा काढून पदराने पुसला. मग पान उलटून दोन लाल चौकोनांवर बोट ठेवलं. चौसष्टातले तेवढेच दोन लाल होते. 'दोन अंकी संख्येने भागाकार करताना चुका होतात' आणि 'रात्री दात घासत नाही'.

"हे लाल का?"

"ते मुद्दाम ठेवलेत."

"मुद्दाम?"

"सगळं हिरवं असलं की ऑडिटरला संशय येतो. बाबा फोनवर सांगतात ना, दोन बारीक चुका त्याला सापडू द्यायच्या, मग तो मोठी शोधत बसत नाही. मी दात घासते रात्री. रोज घासते."

बाईंना हसू आवरेना. हसून झाल्यावर त्यांनी विचारलं, "मग मोठी चूक कोणती?"

स्वरूपाने दाराकडे पाहिलं. "मला भागाकार येतच नाही. दोन अंकी नाही, एक अंकीपण नाही. आणि मेथी उगवली नव्हती."

मग बाईंनी परीक्षा घेतली. पिशवीतलं वर्तमानपत्र वाचायला दिलं. स्वरूपाने अग्रलेख न अडखळता वाचला. इमारतीत पाणी येत नाही म्हणून अर्ज लिहायला सांगितला. तिने असा अर्ज लिहिला की बाईंच्या शाळेत तो हेडक्लार्कलाही जमला नसता. 'सबब', 'तत्काळ कार्यवाही', 'अनुपालन अहवाल', सगळं जिथल्या तिथे. बेरीज, वजाबाकी, गुणाकार बरे होते. चौऱ्याऐंशीला चारने भाग म्हटल्यावर ती वहीकडे नुसती बघत राहिली. पेन्सिल कुठे टेकवायची तेही तिला माहीत नव्हतं.

"तुझी मैत्रीण कोण?"

"ग्रुपमध्ये दोन मुली आहेत. महिन्यातून एकदा भेटतो. तेव्हा ॲक्टिव्हिटी असते."

"भांडता का?"

"ॲक्टिव्हिटीत भांडण नसतं," स्वरूपा म्हणाली.

दोघं कांदे घेऊन वर आली तेव्हा बाई वहीत लिहीत होत्या. एक पान भरलं, ते त्यांनी फाडून पुढे केलं. प्रज्वलने वाचलं. 'वाचन उत्तम. लेखन वयाच्या मानाने फार पुढचं. गुणाकारापर्यंत गणित ठीक. भागाकार अजिबात येत नाही; तो शिकवावा. जे घडलं नाही ते घडल्यासारखं लिहिण्यात मुलगी तयार झाली आहे. हे तिला घरातच शिकायला मिळालं. बरोबरीच्या मुलांशी भांडण्याची संधी मिळालेली नाही, ती द्यावी. नीला साळवे.'

"टक्के?" प्रज्वलने विचारलं.

"नाहीत."

"ग्रेड तरी?"

"नाही."

विजयश्रीचे डोळे भरून आले होते. "बाई, तुम्ही तिला चौकटीत बसवून बघताय. म्हणूनच तर आम्ही तिला शाळेतून काढलं."

"चौकटी तुमच्याच आहेत, बाळा," साळवे बाई शांतपणे म्हणाल्या. "चौसष्ट आहेत. मी मोजल्या."

तेवढ्यात जिन्यात धापा ऐकू आल्या आणि आबाजी दारात उभे राहिले. आज नातीची परीक्षा आहे हे त्यांना कळलं होतं. टोपी काढून त्यांनी बाईंना नमस्कार केला. "पिंकी पास का नापास?"

"भागाकारात नापास."

आबाजींचा चेहरा खुलला. "मंग बरुबर हाय. मी बी त्यातच गेल्तो."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कंपनीतून आल्यावर प्रज्वलने हॉलमधल्या पांढऱ्या बोर्डावर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'भागाकार'. कंपनीत माल खराब निघाला की ते असंच बसायचे. बिघाड वर लिहायचा आणि खाली पाच वेळा 'का' विचारायचं. पाचव्या उत्तरात मूळ कारण सापडतं. त्याने बायकोला आणि मुलीला समोर बसवलं.

"भागाकार येत नाही. का?"

"शिकवला नाही," विजयश्री म्हणाली. कालपासून ती पहिल्यांदाच बोलत होती.

"का शिकवला नाही?"

"तयारी झाली की ती आपणहून विचारेल, असं ठरलं होतं."

"का विचारलं नाहीस गं?"

"फाईलीत एक अंकी भागाकार हिरवा होता," स्वरूपा म्हणाली. "हिरवं झालेलं परत काढायचं नसतं."

"हिरवा का होता?"

"ऑगस्टमध्ये पेरूच्या फोडी करून चौघांत वाटल्या होत्या. आबांच्या हातावर फोड ठेवताना फोटो छान आला," विजयश्री म्हणाली.

प्रज्वलने चार ओळी लिहिल्या. पाचवी राहिली होती. "मग फोटो झाल्यावर पुढे का शिकवलं नाही?"

"पुढचा मुद्दा बाकी होता ना, बाबा."

तो मार्कर हातात धरून उभा राहिला. कंपनीत पाचवं उत्तर काहीही आलं तरी शेवटी तो एकच ओळ लिहायचा, 'कामगाराचं प्रशिक्षण कमी पडलं'. ती लिहिली की सगळे सुटायचे. इथं घरात कामगार कोणी नव्हता. त्याने मार्करला टोपण लावलं, काढलं, परत लावलं आणि पाचवी ओळ न लिहिताच तो हात-पाय धुवायला गेला.

विजयश्रीने चार दिवस कोणाशी फारसं बोलणं ठेवलं नाही. तिने शाळा का नकोत यावरची दोन भाषणं पुन्हा ऐकली. दोन्हींमध्ये भागाकाराचा उल्लेख नव्हता. मग तिने स्वतःच शिकवायचं ठरवलं आणि वही घेऊन बसली. पहिल्याच गणितात, वरचा आकडा खाली का उतरवायचा, असं स्वरूपाने विचारलं. विजयश्रीला ते सांगता येईना. ती स्वतः एमबीए होती. आकडा खाली उतरवतात एवढंच तिला माहीत होतं. शुक्रवारी तिने साळवे बाईंना फोन लावला.

"बाई, रागावला नाहीत ना?"

"मी कशाला रागावू? शनिवारी दुपारी पाठव तिला पिंपरीला. आमच्या कॉलनीतली चार पोरं येतात अभ्यासाला. आणि हे बघ, बरोबर तू येऊ नकोस. फोनही देऊ नकोस."

"फोन नको? मग मला कळणार कसं?"

"ती घरी आल्यावर सांगेल की."

शनिवारी आबाजी नातीला घेऊन बसने पिंपरीला गेले. बाईंनी पाच मुलांसमोर तेवीस लिमलेटच्या गोळ्या ठेवल्या आणि सारख्या वाटून घ्या म्हणाल्या. प्रत्येकाला चार मिळाल्या, तीन उरल्या. या तिनांचं काय करायचं यावरून जे झालं त्यात स्वरूपाची एक वेणी सुटली, फ्रॉकची बाही फाटली आणि दीक्षा नावाच्या सातवीतल्या मुलीच्या हातावर तिने दातांचे व्रण उमटवले. मारामारी सोडवायला आबाजी उठले, तर बाईंनी त्यांना हाताने खाली बसवलं.

घरी आल्यावर विजयश्री दारातच ओरडली. "हे काय झालं तुझं?"

"बाकी उरली," स्वरूपा म्हणाली. "चारापेक्षा जास्त देता येईना. पाच दिल्या असत्या तर पंचवीस लागल्या असत्या. मी म्हटलं उरलेल्यांचा आधी अहवाल लिहू, तर दीक्षा खो-खो हसली. म्हणून मी चावले."

विजयश्रीचा हात सवयीने फोनकडे गेला. फाटकी बाही, गालावर ओरखडा, विस्कटलेले केस. प्रकाशही चांगला होता. स्वरूपा ते बघत होती. विजयश्रीने फोन घेतला, क्षणभर धरला आणि फ्रिजवर ठेवून ती हळद आणायला आत गेली.

साधा भागाकार यायला मे उजाडला. दोन अंकी अजून चालू आहे. प्रज्वलने फाईल बंद केलेली नाही, तशी अपेक्षाही कोणाची नव्हती. पण नोंदींचा रकाना त्याने काढून टाकला आणि चौसष्टाचे एकोणचाळीस मुद्दे केले. कंपनीत प्रितमला तो म्हणाला, "तुझ्या आईने मोठीच चूक पकडली राव." प्रितम म्हणाला, "मी तुला सांगितलं होतं." ग्रुपवर मात्र बाईंच्या हातच्या त्या एका पानाची बरीच चर्चा झाली. सात घरांनी त्यांचा नंबर मागितला. मुलाशी एकटीने बोलणार, एवढीच अट बाईंनी घातली. पाच घरांनी नंतर फोन केला नाही. त्यातल्या दोघांनी फोटो बघणाऱ्या सल्लागाराचा रंगीत अहवाल ग्रुपवर टाकला. दोन्ही मुलांचं मूल्यमापन 'अतुलनीय' असं झालं होतं.

जूनमधल्या एका रविवारी स्वरूपाने आईला सांगितलं, "आज दीक्षा येणार आहे. तू काही ठरवू नकोस."

"काही म्हणजे?"

"काहीच."

दीक्षा अकराला आली. दोघी आतल्या खोलीत गेल्या आणि दार लावून घेतलं. विजयश्री आणि प्रज्वल बाहेर सोफ्यावर बसले. तासभर आतून काही कळेना. मग काहीतरी जड खाली पडल्याचा आवाज झाला, पाठोपाठ एकदम शांतता, आणि मग दोघींचं पोट धरून हसणं.

प्रज्वल अर्धवट उठला. विजयश्रीने त्याचा हात धरून त्याला खाली ओढलं.

"बस," ती म्हणाली.

तो बसला. साडेतीनला दार उघडलं आणि दोघी मुलींनी भूक लागली म्हणून सांगितलं.